कठीण गेम अर्धवट का सुटतात? जिद्दीआधी वेळेचा हिशेब पाहा

मार्गिट काठी उगारतो. आपण घाईने बटण दाबून बाजूला कोलांटी मारतो. काठी अजून वरच असते. कोलांटी संपवून आपण उभे राहतो आणि नेमकी तेव्हाच ती डोक्यात बसते. स्क्रीन काळवंडते, 'यू डाइड' ही अक्षरे उमटतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या 'एल्डन रिंग' या जपानी गेममधला हा बहुतेकांच्या वाट्याला येणारा पहिला मोठा बॉस, म्हणजे किल्ल्याची वाट अडवून उभा असलेला शत्रू. गेमच्या ३ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा उत्साह या किल्ल्याच्या पुलावरच संपला आणि गेम हार्ड डिस्कवर जागा अडवून राहिला.

यावर गेमिंगच्या जगात एकच ठरलेले उत्तर मिळते, 'गिट गुड'. थोडक्यात, 'जमत नसेल तर आधी शिकून ये'. हे उत्तर ऐकायला मर्दानी वाटते, पण निरुपयोगी आहे. खुद्द 'एल्डन रिंग'चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी २०२२मध्ये 'द न्यू यॉर्कर'ला दिलेल्या मुलाखतीत आपण फारसे कुशल खेळाडू नाही, खेळताना खूप मरतो, असे सांगितले होते. कठीण गेम अर्धवट सुटण्यामागे जिद्दीचा अभाव असतोच असे नाही. बऱ्याचदा तिथे वेळेचे गणित बिघडलेले असते.

उत्साह नेमका कुठे मोडतो?

हरल्यामुळे तो मोडत नाही. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतोच. हरून काहीच हाती लागले नाही असे वाटते, तेव्हा उत्साह मोडतो.

एक साधा हिशेब करू. रात्री जेवण झाल्यावर, उद्याच्या शिफ्टआधी, तुमच्याकडे पाऊण तास आहे. बॉसपर्यंत पोहोचायला दोन मिनिटे धावावे लागते आणि तो अर्ध्या मिनिटात तुम्हाला लोळवतो. पाऊण तासात १८ प्रयत्न होतात. त्यात प्रत्यक्ष लढाई किती? नऊ मिनिटे. उरलेली ३६ मिनिटे तीच ती वाट तुडवण्यात गेली. कॉलेजात रात्र रात्र जागणाऱ्याला हे परवडते. नोकरी करणाऱ्याला नऊ मिनिटांच्या सरावात सुधारणा दिसत नाही आणि तो 'आपल्याला हे जमणारच नाही' असा निष्कर्ष काढतो.

हा वेळ किती असावा हे गेम बनवणारे ठरवतात. २०१८च्या 'सेलेस्ट'मध्ये डोंगर चढणारी मुलगी शेकडो वेळा पडते, पण क्षणात त्याच जागी पुन्हा उभी राहते. २०११च्या 'डार्क सोल्स'मध्ये मात्र बॉसपर्यंतची पायपीट हाच छळ होता. त्याच कंपनीने 'एल्डन रिंग'मध्ये अनेक बॉसच्या जवळच पुन्हा जिवंत होण्याची सोय दिली. शत्रू सोपे झाले नाहीत, फक्त फुकट जाणारा वेळ कमी झाला. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या 'हॉलो नाइट : सिल्कसाँग'वर अनेक खेळाडू वैतागले, त्यातही या परतीच्या वाटेचा वाटा मोठा होता.

मोबाइलवर 'गेटिंग ओव्हर इट' खेळून पाहिलेल्यांना याचे टोक ठाऊक असेल. कढईत बसलेला माणूस हातोड्याच्या आधाराने डोंगर चढतो आणि एक चूक झाली की थेट पायथ्याशी येऊ शकतो. तिथे छळणे हाच विनोद आहे. तो अर्ध्यात सोडला म्हणून वाईट वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

रात्री अडलेले सकाळी कसे सुटते?

'काल दोन तास डोके आपटले आणि आज पहिल्या फटक्यात झाले', हा अनुभव खेळणाऱ्या बहुतेकांना आहे. २००२मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरॉन' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी आकड्यांचा एक क्रम भराभर दाबायला शिकवले. मध्ये झोप झाली त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढेच तास जागे राहिलेल्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही. हा प्रयोग बोटांच्या साध्या हालचालींचा होता, बॉसशी लढण्याचा नव्हे, त्यामुळे २० हा आकडा गेमला जसाच्या तसा चिकटवू नये. पण हात झोपेतही शिकतो एवढे यातून नक्की कळते. रात्री एक वाजता 'फक्त शेवटचा प्रयत्न' म्हणत तासभर बसणे हा सर्वांत महागडा सराव आहे. डोळे जड, बोटे घाईत, आणि सरावाने पक्की होते ती चुकीचीच सवय.

मोठा खंड मात्र घातक ठरतो. तीन आठवड्यांनी जुना सेव्ह उघडला की कोणते बटण कशाचे, कुठे निघालो होतो, काही आठवत नाही. बरेच गेम कायमचे सुटतात ते याच दिवशी. तेव्हा थेट बॉसकडे जाऊ नका. दहा मिनिटे किरकोळ शत्रूंवर हात साफ करा. आणि बंद करताना मोबाइलच्या नोट्समध्ये एक ओळ लिहून ठेवा : 'काठी खाली येईपर्यंत थांबायचे'. सांगायला बाळबोध वाटेल, पण 'मेलो' याऐवजी 'यामुळे मेलो' असे लिहिता आले की तो प्रयत्न वाया जात नाही.

मार्गिटच्या बाबतीत तर त्याला पाठ दाखवणे हाच राजमार्ग आहे. दक्षिणेकडचा प्रदेश फिरा, ताकद वाढवा, मग या. नकाशावरची सोनेरी रेघ किल्ल्याकडे बोट दाखवते म्हणून आताच गेले पाहिजे असे नाही.

मदत घेतली तर ती चीटिंग?

मुळीच नाही, आणि हा वाद आता थांबायला हवा. २०२०च्या 'हेडीस'मध्ये 'गॉड मोड' सुरू केला की शत्रूच्या माराचा परिणाम २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के, असे ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे हरणाऱ्यालाच गेम हात देतो. 'सेलेस्ट'मध्ये वेग कमी करता येतो. 'एल्डन रिंग'मध्ये साथीला आत्मे बोलावता येतात, दुसरे खेळाडूही. डोक्यावर मडके आणि अंगावर जेमतेम लंगोटी अशा अवतारातल्या एका खेळाडूने मलेनिया या सर्वांत कुप्रसिद्ध बॉसला अनोळखी लोकांसाठी हजाराहून जास्त वेळा हरवले. प्रकाशकांनी त्याला चीटर म्हटले नाही, २०२२मध्ये भेट म्हणून तलवार पाठवली! जून २०२४मध्ये याच गेमचा पुढचा भाग आला, फार कठीण असल्याची ओरड झाली, आणि काही दिवसांतच कंपनीने सुरुवातीचा टप्पा थोडा सुसह्य केला.

यावर 'मग जिंकण्यात काय अर्थ?' हा प्रश्न येतो आणि तो खोटा नाही. कठीण बॉस हरवल्यावर हातांना जो कंप सुटतो, तो खरा असतो. पहिल्या दिवशीही मार्गिट तेवढाच वेळ काठी वर धरत होता. बदललेले असता ते तुम्ही. हा आनंद हवा असेल तर मदत न घेता झगडा. पण कथा, जग, संगीत यांसाठी आला असाल तर त्यासाठी आधी परीक्षा पास व्हा असे कोणी का सांगावे? आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना 'बॅकलॉग' हा शब्द ऐकून आजही पोटात गोळा येतो. केटी लागलेला विषय सोडवावाच लागतो. विकत घेऊन न संपवलेल्या गेमच्या यादीलाही बॅकलॉगच म्हणतात, पण तिची गुणपत्रिका कुठेच लागत नाही.

सोडायचा की नाही, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो : गेम बंद असतानाही तो बॉस डोक्यात घोळतो का? बसमध्ये, आंघोळ करताना 'डावीकडून गेलो असतो तर' असे मनात येत असेल तर तुम्ही फक्त थकला आहात. दोन दिवस दुसरे काही खेळा. आणि गेम उघडायच्या विचारानेच जांभई येत असेल तर कंटाळा आला आहे. मग बेलाशक काढून टाका. फक्त त्याआधी सेव्ह क्लाउडवर गेला आहे ना, तेवढे तपासा.