हलगर्जीपणा कोणाचा?

गोदामाच्या फलाटावर फोर्कलिफ्टखाली सापडून एखादा हमाल दगावला की चालकाच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवून प्रकरण मिटविले जाते. हे उत्तर किती अपुरे आहे, ते यंत्राची रचना पाहिली की ध्यानात येते. ३ टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन ४ टनांच्या घरात असते. तिची वळतात ती मागची चाके. त्यामुळे वळताना मागचा भाग झटक्याने बाहेर येतो आणि शेजारच्या माणसाला भिंतीशी चिरडू शकतो. पुढ्यातला माल उंच असेल तर चालकाला समोरचे दिसतच नाही. माल वर धरून वळण घेतले तर यंत्र कलंडते आणि पट्टा न बांधलेला चालक उडी मारू पाहतो, तो नेमका डोक्यावरच्या सांगाड्याखाली येतो. ट्रेलरच्या चाकांना उटी लावलेली नसेल, तर फोर्कलिफ्टच्या ये-जा करण्याने ट्रेलर पुढे सरकतो व मधल्या फटीत यंत्र कोसळते.

यांतील काहीही अज्ञात नाही. उटी, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, शिकलेला चालक यांना पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ. आणि भिवंडीच्या गोदामांपासून न्हावा-शेव्याच्या कंटेनर-तळांपर्यंत वेळेइतकी महाग वस्तू दुसरी नाही. ट्रेलर लवकर सुटला तर लाभ अनेकांचा. पाय तुटला तर तो एकट्या कामगाराचा.

जखमेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यानेच मान्य केले. पण मालक कोण? गोदाम एकाचे, माल दुसऱ्याचा, यंत्र भाड्याचे, चालक कंत्राटदाराचा. हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर पोती वाहणाऱ्या माथाड्यांचा मालक कोण, हाच प्रश्न होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापून मजुरी व लेव्ही त्यांच्याकडे भरण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. हाच न्याय सुरक्षिततेला लावावा : फलाट ज्याच्या ताब्यात, त्याने तेथील प्रत्येक माणसाच्या जिवाचे उत्तर द्यावे, मग त्या माणसाचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर असो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने गोदी कामगारांचा १९८६ चा कायदा पोटात घेतला. निरीक्षकाला 'सुविधाकार' अशी जोडपदवीही मिळाली. तो फलाटावर गेलाच, तर त्याने एवढे पाहावे की उटी लागल्याखेरीज फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरत नाही, आणि उटी तपासणाऱ्या मुकादमाचा बोनस सुटलेल्या ट्रेलरांच्या संख्येवर ठरत नाही.