नॉन-बीटीच्या पाकिटाचा हिशेब



बीटी कापसाबद्दल आपल्या मंडळात दोनच मतं ऐकू येतात. फवारणी कमी झाली म्हणजे हा कापूस अहिंसक, हे एक. आणि गुलाबी बोंडअळी परत आली ती शेतकऱ्याच्या आळसामुळे, हे दुसरं. मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिल्याचं थोडक्यात सांगते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच अळीमारक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्याला त्यानं भोकं पडतात. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नाही, म्हणून सरकीच्या तेलाला उगाच घाबरू नका. पण पाठीवरचा पंप उतरला म्हणून मारणं थांबलं का? ही गृहस्थाची उद्योगी हिंसा. तिला अहिंसा म्हणू नये, एवढंच.

खरा राग आहे तो दुसऱ्या मताचा.

2002 साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हा अट होती: शेताभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. 450 ग्रॅम बियाण्याबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटीचं पाकीट त्यासाठीच यायचं. बीटी पचवून जगलेले मोजके पतंग आपसातच जुळले तर पुढची पिढी दाद देत नाही. शेजारच्या साध्या ओळींतल्या भरपूर पतंगांशी जुळले, तर त्यांची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. म्हणजे साध्या ओळीत जगू दिलेली अळी हे मुद्दल होतं. ते पाकीट बहुतेकांनी लावलंच नाही.

का लावावं? दोन एकरवाल्यानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चानं, सगळ्या तालुक्यासाठी अळी पोसायची! फायदा सगळ्यांचा आणि खर्च एकाच्या नावे, हे खातं जुळणार नाही हे कुठलाही बी.कॉम. सांगेल. जनुकवाल्या कंपनीची फी मात्र प्रत्येक पाकिटामागे वसूल होत होती.

शिवाय आपल्याकडे विकलं गेलं ते संकरित बियाणं. एका जनुकाच्या संकरित झाडाच्या बोंडात साधारण चौथा हिस्सा सरकीत ते प्रथिन नसतंच. सरकी खाणाऱ्या अळीला याहून सोयीची शाळा कोणती? फरदड मार्चपर्यंत ठेवली, हा दोष शेतकऱ्याचा, तो मी झाकत नाही.

2010 साली गुजरातच्या चार जिल्ह्यांतली अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. पुढे दोन जनुकांचा कापूसही 2017 साली महाराष्ट्रात पोखरला गेला. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. अ‍ॅरिझोनात हीच अळी होती. तिथे साध्या कापसाचे पट्टे नेमानं राखले, नंतर नपुंसक पतंग सोडले, आणि 2018 साली अमेरिकेनं कापूसपट्ट्यातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

उद्या नवं जनुक येईल, नवी जाहिरात येईल. साध्या ओळींची भरपाई कोण देणार आणि किती, ते किमतीच्या शेजारी छापा. मग शेतकऱ्याला आळशी म्हणा.