शोकान्तिका कीं दारूबंदीचें व्याख्यान?

'एकच प्याला' हें दारूबंदीचें नाटक होय, असें म्हणणाऱ्या टीकाकारांशीं आमचें भांडण आहे. जानेवारी १९१९ मध्यें गडकरी निवर्तले व त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें; तेव्हांपासून हा समज चालत आला आहे. अहो, दारूचे दुष्परिणामच दाखवावयाचे होते, तर एकटा तळीराम पुरे होता! सुधाकर हवा कशाला? तो बुद्धिमान, आणि तितकाच मानी. न्यायासनाशीं खटका उडून सनद कांहीं काळ रद्द होते, आणि ज्या मानीपणामुळें तो चारचौघांत शोभला, तोच त्याला प्याल्याकडे लोटतो. माणसाचा गुणच त्याचा घात करतो, येथें आम्हांस शोकान्तिका दिसते, बाटलींत नव्हे. आणि सिंधू? तिचा अपराध कोणता? पूर्वजन्मींचें पाप म्हणून मोकळें होणें घरीं सोपें असतें. तिच्या मृत्यूसमोर बसल्यावर तें उत्तर ओठांवर येत नाहीं. ज्यानें दारूला कधीं स्पर्शहि केला नाहीं, असा गृहस्थ बालगंधर्वांची सिंधू पाहून ढसढसां रडला. तो कां रडला, एवढें या मंडळींनीं आम्हांस सांगावें.