'ययाती'तलं गुपित कुणाला कधी कळतं?

रहस्यकथा म्हटलं की मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकर आठवतात, त्यांचे झुंजार आणि काळा पहाड आठवतात. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाला वाचनालयांनी डोक्यावर घेतलं, विद्यापीठांनी मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवलं. तो वाद जुना आहे. पण ज्या कादंबऱ्या मानानं शिकवल्या जातात, त्यांच्यातलं रहस्य तरी वर्गात कोण उकलून बघतं?

कोल्हापुरात हे जास्तच खटकतं. घरातल्या घरात दडपलेल्या गुपितावर उभ्या असलेल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्या याच मातीतल्या. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ मध्ये कोल्हापुरात आले; त्यांची 'ययाती' १९५९ ची. 'मृत्युंजय' (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, आणि 'राधेय'कार रणजित देसाई कोवाडचे.

'ययाती'वरचा प्रश्न ठरलेला असतो: भोगवाद आणि संयम यांतला संघर्ष स्पष्ट करा. दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. खांडेकरांनीच या कादंबरीकडे भोगाच्या प्रश्नातून पाहायला वाचकाला शिकवलं. पण उपदेश क्षणभर बाजूला ठेवून कथानक तपासलं, तर हस्तिनापूरचा राजवाडा संशयास्पद वाटू लागतो. 'मी कधीही संन्यासी होणार नाही' असं वचन आई लहानग्या ययातीकडून घेते. का, ते त्याला कळत नाही. घर सोडून गेलेला थोरला भाऊ यती आणि ययातीचे वडील नहुष यांच्या मुलांना मिळालेला शाप, यांचा उलगडा पुढे होतो, तेव्हा ते बालपणीचं वचन एकदम वेगळं दिसू लागतं. दुवा आधी पेरायचा आणि अर्थ मागाहून उघड करायचा, ही पक्क्या रहस्यकाराची रीत. मधेच राजमाता दासी अलकेला विष देवविते, तेही वाड्याची अब्रू राखण्यासाठी! हंस पिक्चर्ससाठी 'छाया'सारख्या चित्रपटांच्या कथा लिहिलेल्या माणसाला, कुठली गोष्ट किती वेळ झाकून ठेवायची, हे नक्कीच ठाऊक होतं.

महाभारताच्या आदिपर्वात तर राणी देवयानीपासून लपवलेलं, ययाती आणि शर्मिष्ठेच्या संबंधाचं गुपित मुलंच फोडतात. शर्मिष्ठेनं आपली मुलं एका ऋषीपासून झाल्याचं सांगून देवयानीला गप्प केलेलं. एके दिवशी देवयानी त्या मुलांनाच विचारते, तुमचे वडील कोण? मुलं सरळ ययातीकडे बोट दाखवतात. इतका नेमका गौप्यस्फोट आजच्या मालिकांनाही क्वचितच जमतो.

खांडेकरांनी ही कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली. प्रत्येकाला अर्धंच माहीत. विल्की कॉलिन्सनं १८६० च्या 'द वुमन इन व्हाइट'मध्ये साक्षीदारांनी जबानी द्यावी तशी आळीपाळीनं निवेदनं रचली होती; ती इंग्रजीतली नामांकित रहस्यकादंबरी ठरली. आपण त्याच रचनेला 'आत्मनिवेदन पद्धती, गुण पाच' म्हणून मोकळे होतो.

'मृत्युंजय'ची गंमत आणखी निराळी. आधी कर्ण बोलतो, मग कुंती. तिचं बोलून झालं की कर्णाला जे माहीत नाही ते वाचकाला माहीत असतं, आणि तरीही शेकडो पानं वाचक श्वास रोखून वाचतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं तर ताण वाढतो, असं हिचकॉक म्हणे. कर्ण कोणाचा मुलगा, हे तर मराठी घरातलं पोरही जाणतं. म्हणजे ताण 'काय' यात नसून 'कर्णाला कधी कळणार' यात आहे. महाभारतात युद्धानंतर तर्पणाच्या वेळी कुंती तोंड उघडते, तेव्हा युधिष्ठिर संतापून समस्त स्त्रियांनाच शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. ज्या बाईनं जन्मभर गुपित राखलं, तिच्यावरचा हा राग किती उफराटा! यावर वर्गात तासभर भांडण व्हायला हवं.

असं वाचल्यानं अभिजात कृती हलक्या होतात, ही भीती काहींना वाटते. सोफोक्लिसचा ईडिपस राजा तर स्वतःच तपास करतो आणि गुन्हेगार म्हणून स्वतःलाच पकडतो. त्या नाटकाचा दर्जा अडीच हजार वर्षांत काही घसरलेला नाही.

शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. तिथं विद्यार्थ्यांची सहल नेण्याआधी एक सोपा गृहपाठ देता येईल. कागदावर तीन रकाने पाडायचे, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा, आणि कुणाला कोणतं गुपित कोणत्या पानावर कळलं ते लिहायचं. बाजारातल्या गाइडात हे उत्तर मिळणार नाही, त्यामुळं कादंबरी वाचावीच लागेल.