पत्त्यांतल्या पात्रांना न्याय कोण देणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. परंतु ज्या खेळांत पैज नाही, तरीही पैसा खर्च होतो, तेथील न्याय-अन्यायाची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. संग्राह्य पत्त्यांचे डिजिटल खेळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांच्या 'मॅजिक : द गॅदरिंग'ने हा प्रकार रुजवला, २०१४ मध्ये आलेल्या 'हार्थस्टोन'ने तो पडद्यावर लोकप्रिय केला. यात बहुतेक पत्ता म्हणजे एक पात्र. त्याला ठराविक बळ असते आणि ते पात्र डावात उतरवण्याची किंमतही ठरलेली असते. नवे पत्ते बंद पाकिटांतून मिळतात. आत काय निघेल हे नशिबावर. दुर्मीळ पात्र वाजवीपेक्षा बलवान झाले, की बुद्धीऐवजी पाकीट जिंकते. छापील पत्त्याचे बळ बदलणे अवघड. डिजिटल पत्त्याचे मात्र कंपनी रातोरात घटवू शकते. त्यातून खेळ सुधारतो, पण पैसे मोजलेल्या खेळाडूचे नुकसान होते. 'हार्थस्टोन'ने अशा पत्त्यांची ठराविक मुदतीत पूर्ण भरपाई देण्याची पद्धत ठेवली, ती म्हणूनच उल्लेखनीय.

समतोल म्हणजे सर्वांना सारखे बळ नव्हे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२० पाने असतात. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ. मात्र निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का. डावाची सुरुवात दिवसा रामाच्या, तर रात्री कृष्णाच्या रंगाने होते. अवतारांतील हा तोल नियमांनी सांभाळला, खेळणाऱ्याच्या ऐपतीने नव्हे.

पात्राला त्याची पाळी देण्याची अशीच दृष्टी जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात आढळते. गणपतीपासून सुरू होणाऱ्या सोंगांच्या या परंपरेत प्रत्येक मुखवट्याला स्वतःची चाल आणि नाच असतो. अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. पण तोवर महिषासुराचा रुबाब कमी केला जात नाही. प्रतिपक्ष दुबळा असेल तर विजयाला अर्थ उरत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

महाभारतातील पात्रांवर आधारलेले भारतीय पत्त्यांचे डिजिटल खेळ तयार झाले आहेत. उद्या लोककलेतील सोंगेही पडद्यावर येतील. अशा खेळाची कसोटी सोपी आहे. मोखाड्यातील मुलगा साध्या फोनवर, फुकट मिळालेल्या पत्त्यांनिशी मुंबईतील पाकिटे विकत घेणाऱ्या मुलाशी बरोबरीने लढू शकतो का?

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पाकिटातील दुर्मीळ पत्त्यांची शक्यता जाहीर व्हावी. चीनने २०१७ पासून ती सक्तीची केली आहे. पात्राचे बळ बदलण्यापूर्वी सूचना आणि नंतर भरपाई मिळावी. सुरुवातीचा फुकट संच जिंकण्याजोगा असावा. सोंगे गावाची असतील, तर नफ्यातील वाटाही गावाला मिळायला हवा. पत्त्यांचा समतोल साधणाऱ्यांनी हा समतोल विसरू नये.