फाशीचा दोर आणि बचावाचा वकील

नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या एका अमानुष हत्याकांडाबद्दल भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना देहान्ताचीच शिक्षा फर्माविली. पुढे त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी या सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली! हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चौघांना ओळखले होते, आणि तेवढीच गोष्ट दडपली गेली होती. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी कायम झाल्यानंतर सिद्ध झाले.

अशा नराधमांचे वकीलपत्र घ्यावेच कशाला, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतून नेहमी ऐकू येतो. काही ठिकाणच्या वकीलसंघांनी तर तसे ठरावच केले. ते बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये बजावावे लागले. वकिली व्यवसायाला हे भूषणावह खचितच नव्हे.

बच्चनसिंग खटल्यात १९८० साली फाशी वैध ठरली, ती ‘विरळात विरळ’ प्रसंगापुरती. आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा, या अटीवर. त्याचे बालपण, दारिद्र्य, मनोविकार, तुरुंगातील वर्तन, सुधारण्याची शक्यता हे सारे न्यायासनापुढे मांडायचे कोणी? आरोपीशी दोन शब्द बोलण्याचीही ज्याला सवड मिळालेली नाही, अशा सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाने? ही माहिती खटल्याच्या पातळीवरच मिळवावी, मानसतज्ज्ञांचा अहवाल मागवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. बच्चनसिंग निकालानंतर बेचाळीस वर्षांनी!

दहशतवाद व युद्ध यांच्याशी निगडित गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. संसदेने मात्र उलट वाट धरली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ही शिक्षा कायम असून जमावाने केलेल्या हत्येसारखे नवे गुन्हेही तिच्या कक्षेत आले आहेत. तेव्हा फाशी इतक्यात जात नाही. आमच्या मते ती जावी. पण ती जाईपर्यंत तरी अशा प्रत्येक खटल्यात अनुभवी वकील, स्वतंत्र तपासासाठी पैसा आणि मानसतज्ज्ञ यांची तरतूद सरकारने पहिल्या दिवसापासून केली पाहिजे. राज्याच्या अंदाजपत्रकात ती रक्कम जड वाटण्याजोगी खास नाही.