ओळखीच्या कंपनीचा शेअर

आपल्यासारख्या घरांत संरक्षण कंपन्यांचे शेअर जरा जास्तच विश्वासाने घेतले जातात, असे माझे निरीक्षण आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, माझगाव डॉक ही नावे बाकीचे लोक वर्तमानपत्रात वाचतात. आपल्या कॅडेटांपैकी कोणाच्या वडिलांनी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या रेडिओ सेटवर नोकरी काढलेली असते, कोणाचे काका माझगावात बांधलेल्या युद्धनौकेवर राहिलेले असतात. वस्तू ओळखीची, कारखाना सरकारचा आणि देशाची गरज वाढती. मग दहा-पंधरा वर्षांसाठी वाढीचा शेअर निवडायचा, तर याहून चांगला कोणता? हा प्रश्न मला पॅरेंट्स डेला विचारला जातो, मेसमध्ये विचारला जातो आणि अलीकडे बारावीच्या वर्गातही विचारला जातो. मी गणित शिकवतो, त्यामुळे शेअरबाजारही मला कळत असणार असा सर्वांचा समज आहे. तो समज मी मोडत नाही, कारण या प्रश्नात खरोखरच अर्ध्याहून जास्त गणित आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कंपनी ओळखीची असणे ही निवडीची सुरुवात आहे. ती निवड नव्हे. कंपनीची वाढ ही एक गोष्ट आणि तिच्या शेअरचा भाव ही दुसरी गोष्ट. या दोन्हींची गल्लत झाली की चांगल्या कंपनीतही पैसे अडकतात.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचेच उदाहरण घेऊ. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला सुरू केली, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योगपतीने सुरू केलेला कारखाना पुढे सरकारकडे गेला. २०१८ च्या मार्चमध्ये तिचे शेअर प्रथमच जनतेला विकायला काढले, तेव्हा भाव १,२१५ रुपये होता आणि बाजारात नोंदणी झाली ती त्याहूनही कमी भावाने. २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने आपला आणखी काही हिस्सा विकला, तो किमान १,००१ रुपये भावाने. २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले, म्हणून तो भाव आजच्या हिशेबात ५०० रुपये धरावा लागतो. आणि २०२४ च्या जुलैमध्ये हाच शेअर ५,६०० च्या वर गेला. चार वर्षांत अकरापट!

आता पुस्तकाचे पान उलटून कंपनीचा नफा पाहा. २०१९-२० मध्ये तो २,८०० कोटींच्या आसपास होता. २०२३-२४ मध्ये सुमारे ७,६०० कोटी. म्हणजे अडीचपटीहून थोडा जास्त. ही वाढ उत्तमच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण नफा अडीचपट आणि भाव अकरापट, तर मधले अंतर कशाने भरले?

ते अंतर अपेक्षेने भरले. २०२० मध्ये बाजार या कंपनीच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी सुमारे १२ रुपये मोजत होता. २०२४ च्या जुलैत त्याच एक रुपयासाठी जवळजवळ ५० रुपये मोजू लागला. यालाच बाजारात पीई म्हणतात: शेअरचा भाव भागिले प्रत्येक शेअरमागचा नफा. १२ चे ५० झाले म्हणजे चारपटीहून थोडे जास्त, आणि नफा अडीचपटीहून थोडा जास्त. दोन्हींचा गुणाकार करा, अकरा येतात. ज्याने २०२० मध्ये शेअर घेतला त्याला दोन्ही गुणक मिळाले. ज्याने २०२४ च्या जुलैत घेतला त्याच्यासाठी दुसरा गुणक संपलेला होता. उलटा फिरण्याची शक्यता मात्र पूर्ण शिल्लक होती. आणि तसेच झाले. २०२५ च्या मार्चच्या सुरुवातीला तोच शेअर साडेतीन हजारांच्या खाली होता.

कॅडेट्सनो, इथे वही काढा. समजा, एखादी कंपनी पुढची दहा वर्षे दरवर्षी १५ टक्क्यांनी नफा वाढवणार आहे. ही वाढ फार थोड्या कंपन्यांना इतकी वर्षे टिकवता येते, पण धरून चालू. १.१५ चा दहावा घात ४.०५ येतो, म्हणजे नफा चौपट. तुम्ही शेअर घेतला तेव्हा पीई ५० होता आणि दहा वर्षांनी, वाढ मंदावल्यावर, तो २० वर आला. तर तुमचे पैसे ४.०५ गुणिले २० भागिले ५०, म्हणजे १.६२ पट होतील. वर्षाला पाच टक्केसुद्धा नाहीत. लाभांशाचे थोडे वेगळे मिळतील. आता तुमच्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड घ्या. ७.१ टक्के दराने दहा वर्षांत पैसे जवळजवळ दुप्पट होतात, आणि त्यासाठी रोज मोबाईलवर भाव पाहावा लागत नाही. कंपनीने आपले काम चोख केले, नफा चौपट केला, तरीही तिचा भागधारक प्रॉव्हिडंट फंडाच्या मागे राहिला! याच कंपनीचा शेअर २० पीईला मिळाला असता आणि पीई तिथेच राहिला असता, तर पैसे चौपट झाले असते.

हे कागदी गणित आहे असे कोणी म्हणेल. इन्फोसिसची गोष्ट घ्या. १९८१ साली पुण्यात, दहा हजार रुपयांवर सुरू झालेली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेलेली ही कंपनी. २००० च्या मार्चमध्ये तिचा पीई दोनशेच्या वर पोहोचला होता. पुढच्या सहा वर्षांत तिचा नफा सुमारे २९० कोटींवरून २,४०० कोटींच्या पुढे गेला, आठपटीहून जास्त. पण २००० मध्ये शिखरावर शेअर घेणाऱ्याला आपली मूळ रक्कम परत दिसायला साधारण तेवढीच सहा वर्षे लागली, आणि मधल्या काळात त्याने ती रक्कम ऐंशी टक्क्यांच्या आसपास घसरलेली पाहिली. कंपनीत खोट नव्हती. भावात सहा वर्षांची वाढ आगाऊ भरलेली होती.

संरक्षण कंपन्यांबाबत आणखी एक शब्द आपली फसगत करतो, तो म्हणजे ऑर्डर बुक. २०२५ च्या मार्चअखेर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या हातात सुमारे १ लाख ८९ हजार कोटींची कामे होती. वर्षाची उलाढाल ३१ हजार कोटींच्या जवळ. म्हणजे सहा वर्षांचे काम हातात! हे वाचून माणूस निश्चिंत होतो. पण त्याच वर्षी उलाढाल वाढली ती फक्त दोन टक्क्यांनी. काम हातात असणे आणि काम उरकणे यांत किती अंतर असू शकते, हे तेजसच्या बाबतीत सर्वांनी पाहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. विमाने २०२४ पासून हवाई दलाला मिळायची होती. अमेरिकेहून यायचे इंजिनच रखडले. त्या करारातले पहिले इंजिन आले २०२५ च्या मार्चमध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरात ओझरच्या कारखान्यातून पहिले तेजस मार्क १ए उडाले तेव्हा मलाही आनंद झाला, नाशिककरांना तर झालाच. पण भागधारक म्हणून पाहायचे असेल तर टाळ्या वेगळ्या आणि ताळेबंद वेगळा. विमान सुपूर्द झाल्यावर पैसे हिशेबात येतात. करारावर सही झाल्यावर नव्हे.

शिवाय इथे मोठा ग्राहक एकच, आणि तोच कंपनीचा मालक. सरकारकडे या कंपनीचे सत्तर टक्क्यांहून जास्त शेअर आहेत. जो मालक आहे तोच खरेदीला समोर बसतो आणि किंमत वाटाघाटीने ठरते. देशाच्या दृष्टीने विमान स्वस्त मिळाले तर चांगलेच, करदाता म्हणून मीही तेच म्हणेन. लहान भागधारकाचे हित मात्र त्या टेबलावर पहिल्या क्रमांकाला नसते. साबण विकणाऱ्या किंवा घड्याळे विकणाऱ्या कंपनीचे ग्राहक कोट्यवधी असतात. एक रागावला तर दुसरा येतो.

आता पालकांसाठी थोडे. गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदारसाहेब मुलाला भेटायला आले होते. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी, कम्युटेशन आणि विम्याचे मिळून जे पैसे हातात आले, त्यांतली मोठी रक्कम त्यांनी २०२४ च्या जुलैत जहाजबांधणीतल्या एका कंपनीत घातली होती. चार महिन्यांत ती निम्मी झाली. थोरल्या मुलीची इंजिनिअरिंगची फी जूनमध्ये भरायची होती. ते मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "सर, कंपनी बुडणार तर नाही ना?" मी म्हटले, "सुभेदारसाहेब, कंपनी बुडणार नाही. तिच्याकडे भरपूर काम आहे. पण जूनच्या फीला लागणारे पैसे तिथे नको होते." कंपनीला दहा वर्षे होती, त्यांना अकरा महिने होते. त्यांनी तोट्यात निम्मे शेअर विकले आणि फी भरली. उरलेले त्यांच्याकडे अजून आहेत.

मला त्यांच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट जास्त खटकली. ज्या घराचा पगार, पेन्शन, दवाखाना, कॅन्टीन, मुलांची शाळा हे सगळे संरक्षण खात्यातून येते, त्याने बचतही संरक्षण खात्यावर जगणाऱ्या कंपन्यांतच का घालावी? सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत असे आपण म्हणतो, आणि आपली टोपली तर आधीच भरलेली असते. माझ्या मते आपल्या घरांनी औषधे, बँका, वाहने, रोजच्या वापराच्या वस्तू अशा क्षेत्रांतल्या वाढत्या कंपन्या शोधाव्यात आणि संरक्षणाचा वाटा इतरांपेक्षा कमीच ठेवावा. हे ऐकून काही जण नाराज होतात. देशप्रेम आणि पोर्टफोलिओ यांची सांगड घालायची सवय लागली आहे. वर्दी घालून जे दिले ते पुरेसे आहे. डीमॅट खात्यातून वेगळा पुरावा द्यायची गरज नाही.

मग निवडायचे कसे? मी स्वतः चार गोष्टी पाहतो, आणि त्यांतल्या पहिलीवरच बहुतेक नावे गळतात. पुढची दहा वर्षे वाढ कुठून येणार हे मला तीन वाक्यांत, शेजाऱ्याला कळेल असे सांगता आले पाहिजे. "क्षेत्राला भवितव्य आहे" हे उत्तर नव्हे. दुसरे, नफ्याबरोबर प्रत्यक्ष रोकड येते का. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचे पत्रक असते. नफा दरवर्षी वाढतो आणि रोकड येत नाही, असे तीन-चार वर्षे दिसले की मी अहवाल मिटतो. रोकड कागदावर दाखवलेली असली तरी डोळे उघडे ठेवावे लागतात: सत्यमच्या ताळेबंदातले पाच हजार कोटींहून जास्त पैसे अस्तित्वातच नव्हते, हे २००९ च्या ७ जानेवारीला तिच्या अध्यक्षानेच लिहून दिले. तिसरे, कर्ज आणि प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर. चौथा भाव. वर केलेले गणित पीईच्या तीन वेगवेगळ्या शेवटांसाठी करून पाहतो. त्यांतल्या मधल्या उत्तरातही प्रॉव्हिडंट फंडापेक्षा बरे दिसत नसेल, तर कंपनीला नमस्कार करून थांबतो. थांबण्याचे पैसे पडत नाहीत.

ज्यांना इतके वाचायला वेळ नाही, आणि फील्ड पोस्टिंगवर तो नसतोच, त्यांनी निफ्टीचा साधा इंडेक्स फंड दरमहा घ्यावा. त्यात काहीच कमीपणा नाही. एकाच क्षेत्राचे फंड मात्र जपून. ते बहुधा त्या क्षेत्राचा भाव चढल्यावरच बाजारात येतात, कारण तेव्हाच ते विकले जातात.

आम्हा नागरी अध्यापकांना १९६४ चे आचरण नियम लागू आहेत. त्यांत शेअरची वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टा, असे स्पष्ट म्हटले आहे आणि सट्ट्याला मनाई आहे. अधूनमधून केलेली गुंतवणूक चालते. सहकाऱ्यांपैकी काहींना हा नियम जाच वाटतो. मला तो फुकट मिळालेला सल्ला वाटतो. सेबीने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तीत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत तोटा झाला होता, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. सुट्टीत घरी गेल्यावर मित्र मोबाईलवर जे दाखवतात, ते बहुधा उरलेल्या सात टक्क्यांतले असते, किंवा एका चांगल्या दिवसाचे.

उलट, दर महिन्याला येणारा पगार आणि पुढे येणारी पेन्शन ही आपल्या घरांची मोठी ताकद आहे. पडत्या बाजारात आपल्याला विकावे लागत नाही, बशर्ते फी, लग्न, घर यांचे पैसे बाजूला काढलेले असतील. व्यापाऱ्याच्या घरात ही सोय नसते. मंदीत त्याचा धंदाही बसतो आणि शेअरही पडतात.

बारावीच्या मुलांनी एक काम करावे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा वार्षिक अहवाल मी छापून ग्रंथालयात ठेवला आहे. ही कंपनी रडारही बनवते आणि मतदान यंत्रेही. तिच्या गेल्या पाच वर्षांच्या नफ्याची वाढ आणि त्याच पाच वर्षांतली भावाची वाढ काढा, एकाला दुसऱ्याने भागा, आणि उत्तर घेऊन शनिवारी प्रेपनंतर माझ्याकडे या. कॅल्क्युलेटर चालेल.